डोंगरातले दोन सांधे

चारचौघांच्या घरी पुढच्या खोलीत सोफा असतो, टीव्ही असतो, फार तर एखादी माशांची पेटी असते. या घरात डोंगर होता. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, त्यावर काडेपेटीएवढे डबे, नखाएवढी माणसं ताटकळत उभी असलेलं स्टेशन, आणि एका टोकाला कमरेएवढा डोंगर. बोगद्याची दोन्ही तोंडं रीतसर दगडी, उतारावर झुडपं, पायथ्याशी कुंपण. नव्हता तो फक्त माथा. पातेल्यावर झाकण ठेवायचं राहून जावं तसा तो वरून उघडा होता, आणि हे राहून गेलेलं काम आठ वर्षं तसंच राहून गेलं होतं.

“डोंगराला डोकं नाही, कारण करणाऱ्याला नाही,” असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगत हसून, पण खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सून दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना खालच्या मजल्यावर, अगदी डोंगराच्या पोटाखाली म्हणा ना. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडाचा आ केलेला, आणि डोक्यावरून खडखड करत मालगाडी जायची. नवखा माणूस घाबरून डोळ्यांनीच विचारायचा, हे काय? “सासरे आहेत,” ती सांगायची आणि कामाला लागायची. नवरा कामासाठी आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी, त्यामुळे घरात खऱ्या अर्थाने तीनच माणसं आणि सव्वीस इंजिनं.

सासरे चौतीस वर्षं रेल्वेत सांधेवाले होते. आता सांधा म्हणजे काय, हे गाडीत बसणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना माहीत नसतं, आणि माहीत नसतं म्हणूनच बिचारे सुखाने झोपा काढतात. एका रुळाचे दोन रूळ जिथे होतात तिथे सांधा असतो. टोकाला सुरीसारखी निमुळती होत गेलेली एक लोखंडी जीभ असते. ती इकडे चिकटली की गाडी इकडे, तिकडे चिकटली की तिकडे. ती जीभ ओढणारा माणूस म्हणजे सांधेवाला. जीभ पूर्ण चिकटली पाहिजे. बोटभर फट राहिली तर चाक त्या फटीत शिरतं, आणि मग पुढचं सांगण्यासारखं नसतं.

सासऱ्यांच्या हातून ते एकदा झालं होतं. म्हणजे झालं असं कागदावर लिहिलेलं होतं. तीस वर्षांपूर्वी, भर सकाळी, यार्डातल्या सात नंबरच्या सांध्यावर मालगाडीचा शेवटून चौथा डबा रुळावरून उतरला आणि बाजूच्या टपरीवर कलंडला. टपरीत कंदील पुसत बसलेल्या माणसाचा पाय मोडला. तो पुढे जन्मभर लंगडला. तीन साहेब आले, दोन तास चौकशी झाली, ‘सांधा पूर्ण मिटलेला नव्हता’ असं लिहिलं गेलं आणि सासऱ्यांनी त्याखाली सही केली. सहा महिने त्यांना सांध्यावरून काढून झाडलोटीला लावलं. मग पुन्हा घेतलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांच्या नावावर एक ओरखडासुद्धा नाही. पण त्यानंतर त्यांनी एकही सांधा नुसता दांडा ओढून सोडला नाही. दांडा ओढायचा, खाली उतरायचं, वाकायचं, डोळ्यांनी बघायचं, हाताने चाचपायचं, मगच हिरवा झेंडा. नियमात हे कुठेही नव्हतं. “डोळ्यांनी बघितल्याशिवाय सांधा मिटला असं म्हणायचं नाही,” हा त्यांचा स्वतःचा नियम.

आणि टेबलावरच्या त्या डोंगराच्या पोटात दोन सांधे होते. एक गाडी आत जाऊन थांबायची, दुसरी तिच्या शेजारून निघून बाहेर यायची, अशी ती गंमत होती. माथा लावला की ते दोन सांधे दिसणार नाहीत. म्हणून माथा नाही.

हे सगळं असंच चाललंही असतं, पण ध्यानीमनी नसताना वाचनालयाच्या बाई मध्ये आल्या. दाढ दाखवायला म्हणून आल्या, डोक्यावरून गाडी गेली, वर जाऊन पाहून आल्या आणि दाढच विसरल्या. वाचनालयाच्या दर्शनी दालनात हे टेबल कायमचं ठेवायचं, वर काच, बाहेर बटणं, येणाऱ्या कुणीही बटण दाबावं आणि गाडी सोडावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. सासऱ्यांनी दोनदा नाही म्हटलं. बाई चिवट. तिसऱ्यांदा आल्या त्या तारीख घेऊनच. “शनिवारी आमचा सुतार येतोय. त्याने एक तर डोंगराला झाकण लावायचं, नाही तर रिकाम्या हाताने परत जायचं. पण काचेखाली गेल्यावर परत उघडता येणार नाही हं, आधीच सांगते.”

त्या गेल्या. मग जेवताना सासरे म्हणाले, “मला वाटतं, मी नाहीच म्हणतो.”

सुनेने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या खुर्चीत बसणारी माणसं ‘राहू द्या हो डॉक्टर, काढूनच टाका’ म्हणतात ना, तेव्हा असाच चेहरा असतो त्यांचा. दात ठेवायची इच्छा मनातून असते, दुखण्याची भीती मोठी असते. हे टेबल म्हणजे या माणसाची आठ वर्षं होती, आणि ते सगळ्यांनी पाहावं असं त्याला मनापासून वाटत होतं. ती म्हणाली, “बाबा, एवढं काय घाबरायचं? कधीच चुकणार नाहीत असे दोन सांधे निवडून आत बसवायचे. संपलं.”

“कधीच न चुकणारा सांधा!” सासरे हसले. “डॉक्टरीणबाई, कधीच न दुखणारा दात दाखवा मला.”

पण दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर सहा खोकी मांडली गेली. सहा जातींचे सांधे, प्रत्येक खोक्यात एक जोडी. काही त्यांनी आधीच आणून ठेवले होते, काही मागवले. सासूबाईंनी ताटं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नेली आणि “जेवा उभ्याने,” एवढंच म्हणाल्या.

सुनेने सकाळचा दवाखाना उघडण्याआधीचा तास आणि दुपारची सुट्टी त्यांना देऊन टाकली. तिला वाटलं होतं, गाडी चालवायची, पडली तर बाद, नाही पडली तर पास, त्यात काय एवढं! पण सासऱ्यांनी पहिला सांधा हातात घेतला आणि गाडीला हातही लावला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख जिभेच्या टोकावरून रुळावर हळूच ओढलं. पुन्हा ओढलं. “लागतंय,” म्हणाले. तिने ओढून पाहिलं, तिला काचेसारखं गुळगुळीत लागलं. मग त्यांनी पत्र लिहायच्या पातळ कागदाची पट्टी जीभ आणि रूळ यांच्यामध्ये धरली, जीभ मिटवली, पट्टी ओढली. पट्टी अलगद सुटून आली. “मिटला असं वाटतंय ना तुला? नाही मिटला. कागद फाटायला पाहिजे.” दुसऱ्या सांध्यात कागद फाटला. तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की तिलाही उगाचच आनंद झाला.

तिच्या धंद्यात केसाएवढ्या उंचवट्याने माणसाची झोप उडते, हे ती रोज पाहत होती. त्यामुळे बारकाव्याचं अप्रूप तिला वाटायला नको होतं. पण हे वेगळं होतं. ती भिंगातून पाहायची, दिव्याखाली पाहायची. हा माणूस नुसत्या नखाने पाहत होता. गंमत म्हणून तिने त्यांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि सहाही सांध्यांवरून एकेक करून गाडी सोडली. ते पलीकडून ओरडून सांगत होते, “तिसरा. पहिला. हा पाचवा, आणि जीभ डावीकडे आहे.” एकदाही चुकले नाहीत. ती तोंडात बोट घालून ऐकत राहिली.

“बाबा, तुम्ही दिवसाला किती गाड्या सोडायचात हो?”

“माणसांच्या? एका पाळीत दहा तरी.”

तिने औषधं लिहायच्या पॅडवर गणित मांडलं. दहा गाड्या, गाडीत पाचशे माणसं, वर्षाचे तीनशे दिवस, चौतीस वर्षं. उत्तर आलं तेव्हा तिला वाटलं शून्यं जास्त झाली. पुन्हा मांडलं. पाच कोटी. पाच कोटी वेळा कुणी ना कुणी या माणसाच्या दोन हातांवरून सुखरूप पुढे गेलं होतं. कुणी लग्नाला, कुणी परीक्षेला, कुणी नुसतंच घरी. त्यातल्या एकानेही खिडकीतून खाली वाकून पाहिलं नव्हतं, कोण उभा आहे म्हणून. आणि या माणसाला त्यातलं काय आठवत होतं? शेवटून चौथा डबा. तिने तो कागद त्यांना दाखवला नाही, घडी करून खिशात टाकला.

बुधवारपर्यंत चार सांधे बाद झाले. उरले दोन, एक पिवळ्या खोक्यातला आणि एक निळ्या खोक्यातला. आणि इथे घोडं पेंड खायला लागलं.

परीक्षा घ्यायची ती ‘बाईसाहेबां’नी, हा घरचा कायदा होता. बाईसाहेब म्हणजे एक काळं, जड, बुटकं इंजिन. “घरात बाईसाहेब एकच असते,” असं सासूबाईंनी किती वेळा बजावलं, पण नाव काही बदललं नाही. हे इंजिन सासऱ्यांना त्यांच्या ड्रायव्हर मित्राने निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या हाताने दिलं होतं. हा ड्रायव्हर म्हणजे त्या सात नंबरवरच्या मालगाडीचाच ड्रायव्हर. अपघाताने जुळलेली मैत्री, पण जन्माची जुळली. रेल्वेत ड्रायव्हर वर बसतो आणि सांधेवाला खाली मातीत उभा असतो. त्या वरच्या माणसाने खाली उतरून दिलेली वस्तू. सव्वीस इंजिनांत तिचा मान पहिला. ती जिथून पास होईल तो सांधा खरा.

बाईसाहेब पिवळ्यावरून दोनशे वेळा गेल्या, दोनशे वेळा पास. निळ्यावर दोनशेतून एकतीस वेळा पडल्या.

“संपलं की मग,” सून म्हणाली. “पिवळा.”

सासऱ्यांनी पिवळ्यावरून नख ओढलं. मग निळ्यावरून ओढलं. पुन्हा पिवळ्यावरून. कागद धरला, पिवळ्यातून सुटून आला, निळ्यात फाटला. त्यांनी खुर्ची ओढून बसकण मारली. “माझं नख म्हणतंय निळा. गाडी म्हणतेय पिवळा.”

“मग?”

“मग काय! गाडी सांगते तेच खरं. गाडी पडली की दोष सांध्याचा. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.” त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. “म्हणजे माझं नखच गेलं. कधी गेलं कुणास ठाऊक. कदाचित तेव्हाच गेलेलं असेल.”

तेव्हा म्हणजे केव्हा, हे विचारायची गरज नव्हती. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या गुपचूप आत निघून गेल्या. सासरे म्हणाले, “उद्या वाचनालयाच्या बाईंना फोन करून सांग, सुताराला पाठवू नका. ज्याला स्वतःचा हात कळत नाही त्याने झाकण लावू नये.”

सून दवाखान्यात गेली खरी, पण तिचं लक्ष कामात नव्हतं. चार वाजता एक गृहस्थ आले. वरची दाढ दुखते, चावलं की कळ येते. तिने पाहिलं तर वरची दाढ ठणठणीत. तिने निळा कागद घेतला. चावा तपासायचा असा एक पातळ कागद असतो; दातांमध्ये धरून चावायला सांगायचं, जिथे जास्त टेकतं तिथे निळा डाग उमटतो. डाग उमटला तो खालच्या दाढेच्या जुन्या भरणीवर. दुखत होती वरची, दोष होता खालचीत. तिने ते अर्ध्या मिनिटात घासून दिलं. गृहस्थ खूश होऊन गेले आणि ती हातात निळा कागद धरून तशीच उभी राहिली. अरेच्चा, ती स्वतःशीच म्हणाली. आपण आठवडाभर एकच दात तपासतोय, खालचा सांधा; त्याच्यावर टेकणारा वरचा पाहिलाच नाही.

ती कागद, चिमटा आणि अंतर मोजायचं कॅलिपर घेऊन वर धावली. “बाबा, उठा. बाईसाहेबांना आणा.”

“कशाला?”

“चावा बघायचाय.”

रुळांतून वीज वाहते, मध्ये कागद आला की इंजिन चालत नाही. म्हणून तिने निळ्या खोक्यातल्या सांध्यावर कागद पसरला आणि इंजिन बोटाने हळूहळू ढकलत नेलं. मग कागद उचलला आणि दोघांनी डोकी जवळ आणून पाहिलं. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे समोरच्या रुळाला लागून एक आखूड पट्टी असते, चाकाला कान धरून सरळ ठेवणारी. चाक त्या पट्टीला आतून घासून जायला हवं. इथे डाग पट्टीच्या माथ्यावर उमटला होता. म्हणजे चाक तिच्यावर चढत होतं. पिवळ्या सांध्यावर डागच नाही. तिथली पट्टी रुळापासून इतकी दूर, इतकी ढिली, की तिचा चाकाला धाकच नव्हता.

तिने कॅलिपर उचललं. दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर आधी त्या तांबड्या छोट्या इंजिनाचं मोजलं, जे त्यांनी दोन वर्षांपूर्वी नवं आणलं होतं. मग बाईसाहेबांचं मोजलं. आणि आकडा वाचून म्हणाली, “अर्धा मिलिमीटर कमी आहे, बाबा. चाकं आत दाबलेली आहेत.”

“शक्यच नाही. ड्रायव्हरची गाडी आहे ती.”

तिने तांबडं इंजिन निळ्या सांध्यावर ठेवलं आणि सोडलं. दहा वेळा, वीस वेळा, पन्नास वेळा. आवाजसुद्धा होत नव्हता, लोण्यातून सुरी फिरावी तसं ते जात होतं. मग पिवळ्यावर सोडलं. तिसऱ्याच फेरीला चाक त्या ढिल्या पट्टीसमोरच्या खाचेत खचकन बसलं आणि इंजिन आडवं झालं.

सासरे आडव्या इंजिनाकडे पाहत राहिले. अर्धा मिलिमीटर! पाच कागद एकावर एक ठेवले तर होईल एवढं. तेवढ्याने बरोबर सांधा चूक ठरला होता, चूक सांधा बरोबर ठरला होता, आणि चौतीस वर्षांचं नख खोटं पडलं होतं.

“ड्रायव्हरला फोन लाव,” सासरे शेवटी म्हणाले. “त्याची भेट आहे. त्याला विचारल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही.”

ड्रायव्हर लांबच्या गावी मुलीकडे राहत होता. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या.

“काय रे सांधेवाल्या, आहेस का अजून?”

“आहे. बाईसाहेबांची चाकं आत दाबलेली आहेत का रे?”

“मग! मीच दाबली. माझ्याकडचे रूळ घरी वाकवून केलेले, त्यावरून सारखी पडायची कार्टी. रूळ कोण नीट करत बसतंय, म्हटलं चाकंच दाबू. तुला सांगितलं नव्हतं?”

“नाही.”

“राहिलं असेल मग. बारा वर्षं झाली की त्याला!”

“नाचता येईना अंगण वाकडं,” सासूबाई म्हणाल्या, “आणि आमचे हे आठवडाभर अंगणं बदलतायत!”

ड्रायव्हर पलीकडून खो खो हसला. सून हसली. सासरेही हसले. “मग बाहेर काढू ना चाकं?” त्यांनी विचारलं. “काढ की! गाडी तुझी आहे,” ड्रायव्हर म्हणाला. इथे फोन ठेवायला हवा होता. पण सासऱ्यांनी ठेवला नाही. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं आणि ते टेबलाची कड धरून उभे राहिले.

“अजून एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “सात नंबरवर. त्या दिवशी. त्या डब्याची चाकं कुणी मोजली होती का रे?”

फोन तुटला असं सुनेला वाटलं.

“नाही,” ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “कुणीच नाही. सांधेवाला हाताशी सापडला होता, मग चाकं कोण मोजत बसतंय? आणि खरं सांगू? मला कुणी काही विचारलं नाही, याचंच मला बरं वाटलं होतं. पोरं लहान होती रे.”

“आता मोजता येतील?”

“कुठले? तो डबा भंगारात जाऊन वीस वर्षं झाली असतील. कळायचं नाही आता. तुझा सांधा उघडा असेलही.”

“असेल.”

“किंवा नसेलही.”

“किंवा नसेलही,” सासरे म्हणाले. फोन ठेवताना त्यांनी ड्रायव्हरला जपून राहायला सांगितलं.

मग ते खुर्चीत बसले. “तीस वर्षं मी ‘असेल’ धरून बसलो,” ते कुणाकडेच न बघता म्हणाले. “‘नसेल’ असंही काही असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही. मी सांध्याचा माणूस. मला सांधाच दिसला.” त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. सासूबाई जवळ गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. सून खाली दवाखान्यात निघून आली. पेशंट कुणी नव्हता, तरी ती रिकाम्या खुर्चीपाशी बराच वेळ उभी राहिली. एक माणूस एवढं ओझं घेऊन रोज कामावर जातो, वाकतो, बघतो, चाचपतो, पाच कोटी माणसं पोहोचवतो, आणि घरी येऊन चहा पितो. तिला हे काही केल्या मनात मावत नव्हतं.

गुरुवारी त्यांनी बाईसाहेबांची चाकं बाहेर काढली. चाकं सासऱ्यांनी धरली, अंतर सुनेने मोजलं. शुक्रवारी डोंगराच्या पोटात निळे सांधे बसले. सासऱ्यांनी चारही बाजूंनी नख ओढलं, दोन्हीकडे कागद फाडले. वाचनालयाच्या बाईंना फोन कुणी केलाच नव्हता, त्यामुळे शनिवारी दहाच्या ठोक्याला सुतार हजर झाला. दणकट, बोलका माणूस. त्याने माथा आणला, टेकवून पाहिला, कडा तासल्या, आणि स्क्रू दातांत धरून म्हणाला, “काका, शेवटचं एकदा बघून घ्या आत. परत काही दिसायचं नाही.”

सून सासऱ्यांकडे पाहत होती. ते पुढे झाले. वाकणार, असं तिला वाटलं. त्यांनी सुताराच्या हातातून पेचकस घेतला आणि पहिला स्क्रू स्वतः पिळला.

“बघितलंय,” ते म्हणाले.

बारा स्क्रू लागले. उघडा डोंगर बंद झाला आणि सगळं टेबल एकदम वेगळं दिसायला लागलं, खोलीत खरोखरच काहीतरी प्रचंड येऊन उभं राहिल्यासारखं. सासूबाईंनी सुद्धा “अगंबाई!” म्हणून गालावर हात ठेवला. सासऱ्यांनी बाईसाहेबांच्या मागे नऊ डबे जोडले. दुसरी गाडी आधीच आत जाऊन थांबली होती. सांधा लागला नाही तर ही तिच्यावर जाऊन आदळणार होती. त्यांनी कळ दाबली. आत कुठेतरी, न दिसणाऱ्या जागी, बारीकसा टक् असा आवाज झाला. त्यांनी गाडी सोडली, ती बोगद्याच्या तोंडाशी पोहोचलेली पाहिली, “सुतारांसाठी चहा ठेवतो,” म्हणाले आणि चक्क आत निघून गेले.

सून पलीकडच्या तोंडाशी जाऊन उकिडवी बसली. सुतारही बसला, हातोडी हातात धरून. शेवटचा डबा काळोखात गडप झाला. आता खोलीत फक्त डोंगर होता आणि त्याच्या पोटात कुठेतरी दूरवर खडखड. ती मोजत होती. दहा. वीस. किती साधी गोष्ट, एक खेळण्यातली गाडी बोगद्यात गेलीय. पण तिने बोगद्याच्या तोंडाला डोळा लावला होता. या डोंगराएवढ्या डोंगरांच्या पोटातून आपणही कितीदा गेलोय, खिडकीला डोकं टेकून झोपलोय, आणि कुणीतरी न दिसणाऱ्या माणसाने आपल्याला पलीकडे काढलंय. तीस. खडखड थांबल्यासारखी झाली, पुन्हा आली. चाळीस. काळोखात एक पिवळा ठिपका उमटला, मोठा झाला, आणि बाईसाहेब नऊच्या नऊ डबे घेऊन शांतपणे उजेडात आल्या.

“आयला!” सुतार म्हणाला.

ती उठून स्वयंपाकघरात पळाली. सासरे पाठमोरे उभे राहून कप विसळत होते.

“बाबा, आली! आली बाहेर!”

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“येणारच की,” ते म्हणाले. “सांधा मी लावलाय.”